येऊरच्या पाड्यावरचं रानभाज्यांचं जेवण, दोनदा जाऊन आलो त्याचा सविस्तर अनुभव

जूनच्या सुरुवातीला ठाण्यात जांभळी नाक्याला भाजी घ्यायला गेले होते तर कोपऱ्यात एक मावशी शेवळं, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणारी एक रानभाजी, घेऊन बसल्या होत्या, पाच-सहा कोंबांची एक जुडी, अशा जुड्या सागाच्या पानावर मांडलेल्या. आई सध्या माझ्याकडे राहायला आलीय, ती माणगावकडची, तिने बघितल्या बघितल्या जुडी हातातच घेतली आणि म्हणाली घे. घेतल्या दोन. मावशी सोबत हिरव्या बोरांएवढी फळं पण देत होत्या, मी म्हटलं ती नकोत, नुसती शेवळंच द्या. घरी केली भाजी, चिंच घालून, आणि रात्री जेवताना सगळ्यांच्या घशाला अशी खाज सुटली की मुलगा रडायलाच लागला, अकरा वाजेपर्यंत ताक आणि कोकमाचं पाणी चालू होतं. आईला आठवत होतं की त्यात काहीतरी आंबट घालतात, पण माहेरी ते काम तिची आजी करायची, ही फक्त खायला बसायची.

दोन दिवसांनी परत गेले तर मावशी तिथेच. सांगितलं असं असं झालं. त्या म्हणाल्या, "काकडं नाय घातली ना ताई? तुम्हीच बोलल्या नको. आणि आतला पिवळा काढला का?" नव्हता काढला. मग त्यांनी तिथे बसल्या बसल्या एक शेवळं सोलून दाखवलं, वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळं दाणेदार असतं ते काढून टाकायचं, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडं ठेचून त्याचा रस घालायचा. शेवळं सुरणाच्या कुळातलं आहे, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते घशाला टोचतात, आंबटाने तो त्रास कमी होतो, हे मी नंतर वाचलं. मावशींचं त्यावर एवढंच म्हणणं, की शेवळं आणि काकडं एकाच वेळेला येतात ते काय उगाच येत नाहीत.

बोलता बोलता कळलं की त्या येऊरच्या आहेत, वारली, आणि त्यांच्या घरी त्या आणि त्यांची सून आधी सांगून येणाऱ्यांना जेवण करून घालतात, पावसाळ्यात मुख्य रानभाज्या. "या ना आमचे घरी, मी खिलवते तुम्हाला, खाजली तर पैसे नका देऊ." आई लगेच म्हणाली जायचं.

तर हा रिव्ह्यू त्या जेवणाचा आहे. पहिल्यांदा जून महिन्यात गेलो आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या मध्यावर. नाव, पाडा, नंबर इथे लिहीत नाही, मावशींनीच सांगितलंय की एका वेळी आठ-दहा माणसांच्या वर झेपत नाही आणि अनोळखी गाड्या रांगेने आल्या की शेजाऱ्यांना त्रास होतो. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी सकाळी बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांशी नीट बोलावं, येऊरच्या दोन-चार घरांत असं जेवण मिळतं.

ठाण्यात वीस वर्षं राहून मी येऊरला सात-आठ वेळा तरी गेले असेन, पण म्हणजे काय, तर कोणाच्या तरी बर्थडेला बंगल्यावर नाहीतर हॉटेलात. उपवन तलाव सोडला की वळणं सुरू होतात, दोन-तीन वळणांतच एसी बंद करून काच खाली करावीशी वाटते, ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास येतो, एवढंच माझं येऊर. वर गाव आहे, पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा असे पाडे आहेत, शाळा आहे, शेती आहे हे माहीत होतं पण बघितलं कधीच नव्हतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की सगळ्यांना बोरिवलीचं गेट आठवतं, पण ते जवळजवळ १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे आपलं येऊर. डोंगराच्या पलीकडे विहार आणि तुळशी तलाव, मुंबईला पाणी देणारे, आणि अलीकडे आपण, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये.

नाक्यावर वनखात्याच्या माणसाने गाडी थांबवली, कुठे जाताय विचारलं, डिकी बघितली. चांगलं वाटलं मला ते. मावशींच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं की गाडी मोठ्या रस्त्यालाच लावा, आत आणू नका, मग तिथून पंधरा मिनिटं पायी. आईला आधी टेन्शन होतं गुडघ्यांचं पण वाट सपाट आहे, फक्त एका ठिकाणी ओहोळ ओलांडावा लागतो, जूनमध्ये घोट्याएवढं पाणी होतं, ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या थोडं खाली, तिथे मावशींच्या मुलाने आईला हात धरून नेलं.

घर अर्धं विटांचं आणि अर्धं जुनं, जुना भाग कुडाचा, म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या भिंती आणि वरून माती-शेणाचा गिलावा. ही तीच कारवी जी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ मध्ये फुलली होती तेव्हा आम्ही मुद्दाम बघायला गेलो होतो आणि फोटो काढून परत आलो होतो, तिच्या काठ्यांची घरं बांधतात हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही. त्या भिंतीच्या आत भर दुपारी पंखा नसताना गारवा होता. अंगण सारवलेलं, एका बाजूला कोंबड्या, मागे केळी आणि बांबूचं बेट, पुढे भाताची दोन-तीन खाचरं, बांधावर ऐन आणि मोहाची मोठी झाडं.

जेवणाच्या आधी त्या फिरवून आणतात. हे पॅकेजमध्ये आहे असं नाही, त्यांना भाजी काढायची असते म्हणून जायचं असतं, आपण बरोबर जायचं. मला स्वतःला जेवणाइतकाच हा भाग आवडला. तासभर चालतो आपण, पण अंतर फार नाही, कारण दर चार पावलांवर मावशी वाकतात. जिथे मला नुसतं गवत दिसत होतं तिथे त्यांनी टाकळा दाखवला, कुरडू दाखवला, कोवळा माठ, आणि गवतासारखीच दिसणारी पण मधोमध पांढरट बूड असलेली फोडशी, जिला काही लोक कुलूची भाजी म्हणतात. घरी येऊन फोडशीबद्दल शोधलं तर सफेद मुसळी याच कुळातली निघाली आणि तिचं शास्त्रीय नाव काय, तर क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, म्हणजे आपल्या बोरिवलीवरून. इतक्या वर्षांत मी बोरिवलीला शंभर वेळा गेले असेन.

मी विचारलं हे सगळं जंगलातून आणता का, राष्ट्रीय उद्यान आहे ना. तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की बांधावरचं, माळावरचं, घराच्या आसपासचं काढतो, आत जात नाही, आणि मुळापासून काही उपटत नाही. शेवळाच्या एका जागेवर दहा कोंब आले असतील तर चार घेतले आणि सहा सोडले हे मी डोळ्यांनी बघितलं. आधी हे शेवळं येतं, त्याचं पान मागून येतं, सगळेच कोंब काढले तर खालचा कंद दमतो, पुढच्या वर्षी येत नाही. मुलाला हे फार पटलं, तो मग स्वतःच मोजायला लागला की इथे पाच आहेत, दोनच घ्या.

टाकळ्याबद्दल मावशी म्हणाल्या की पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसच खरी भाजी, मग पान निबर होतं, कडू लागतं, फुलं आली की संपलं. म्हणजे प्रत्येक भाजीची तारीख ठरलेली आहे त्यांच्या डोक्यात, पण ती कॅलेंडरवर नाही, पावसावर. पहिला पाऊस, दुसरा पाऊस, लावणी, गणपती अशी. उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि कुड्याची फुलं, मग शेवळं, मग टाकळा-कुरडू-फोडशी, मग भारंगी, दिंडा, कंटोळी. कुठलीच पेरलेली नाही, कुठलीला खत नाही, पाणी नाही. आई म्हणाली म्हणून तर ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही तेव्हा हेच खात होतो आम्ही, आता मार्केटमधून ऋषीच्या भाजीचं तयार पाकीट आणतो. मग त्या दोघींचं जे सुरू झालं, तुमच्याकडे याला काय म्हणतात आणि आमच्याकडे काय, की मी नुसती मागून चालत होते.

पावशा सतत ओरडत होता, तो पेरते व्हा पेरते व्हा म्हणतो असं आपण पुस्तकात शिकलो, इथे खरंच बाजूच्या खाचरात पेरणी झालेली होती. राब भाजलेल्या काळ्या जमिनीवर भाताचं आवण उगवून आलं होतं, पोपटी रंगाचं, इतका पोपटी रंग मी दुसऱ्या कशात बघितलेला नाही. एका झाडाखाली नवरंग दिसला, मावशींच्या मुलाने दाखवला, जमिनीवर पाला उलटवत होता, तो पावसाच्या तोंडावर इकडे येतो आणि इथेच घरटं करतो. दुसऱ्या वेळी नीलवंत फुलपाखरं भरपूर होती, मोठी काळी-निळी, २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे, मुलाने शाळेत वाचलं होतं म्हणून त्यानेच ओळखलं. सागाचं कोवळं पान हातावर चोळलं की हात लाल होतात हे मावशींच्या नातवाने त्याला शिकवलं, दोघे लाल हात घेऊन घरभर फिरत होते.

आता जेवण. जूनच्या जेवणात होतं शेवळाची भाजी, टाकळ्याची भाजी, फोडशीची मूगडाळ घालून भाजी, सुक्या जवळ्याची चटणी, उडदाची आमटी, तांदळाची भाकरी, नागलीची भाकरी, भात, आणि शेवटी काळा चहा. चुलीवरचं सगळं. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर वाढतात.

शेवळाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ती भाजी खायलाच गेलो होतो. आमच्या सोसायटीत एक सीकेपी काकू आहेत, त्या दरवर्षी शेवळाची कणी करतात, सोडे घालून, भरपूर तेल, खोबरं, गरम मसाला, फारच सुंदर लागते, सणासारखी करतात त्या. मावशींची भाजी अगदी वेगळी. त्यात कांदा, लसूण, मिरची, हळद, मीठ आणि काकडाचा रस, बास. पण परतायला त्यांनी जो वेळ दिला, मंद जाळावर जवळजवळ पाऊण तास, त्याने शेवळाचा एक खमंग, थोडासा खिम्यासारखा पोत येतो आणि काकडाचा आंबटपणा चिंचेसारखा पुढे येत नाही, मागून येतो. आईने पहिला घास घेतला आणि काही बोललीच नाही, नुसती खात होती, मग दुसऱ्यांदा वाढून घेतली. घसा कोणाचाही खाजला नाही. मुलाने आधी खायला नकार दिला, त्याला मागचा अनुभव होता ना, तर मावशींनी आधी स्वतः त्याच्यासमोर खाल्ली, नातवाला खाऊ घातली, आणि मग त्याला म्हणाल्या आता बघ. खाल्ली त्याने.

टाकळ्याला एक उग्र वास असतो, सगळ्यांना आवडेल असं नाही, माझ्या नवऱ्याला नाही आवडला, त्याने फोडशीवर जोर दिला. फोडशी मऊ, सौम्य, कांद्याच्या पातीच्या जवळ जाणारी, लहान मुलांसाठी हीच मागा. नागलीची भाकरी जाडसर होती पण चुलीतून निखाऱ्यावर शेकून लगेच पानात, त्यावर जवळ्याची चटणी, याला तोड नाही. उडदाची आमटी मला थोडी बुळबुळीत वाटली, सवय नसेल म्हणून असेल.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा लावणी होऊन गेली होती, खाचरं भरलेली, आणि बाजूच्या पाड्यावर ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या पताका अजून लावलेल्या होत्या. तेव्हा पानात कंटोळी, भारंगीच्या पानांची भाजी, भारंगीच्या फुलांची वेगळी भाजी, दिंड्याच्या कोंबाची भाजी, आणि आम्ही आधी सांगितलं होतं म्हणून मुठ्यांचं कालवण. मुठे म्हणजे डोंगरातले, ओहोळातले छोटे खेकडे, आख्खे ठेचून त्याचा रस गाळून त्यात तांदळाचं पीठ लावून करतात. झणझणीत होतं, डोळ्यातून पाणी आलं, पण त्या पावसात ते गरम कालवण आणि भात, मी तीन वेळा भात घेतला.

भारंगीने आईला हलवलं. तिच्या लहानपणी तिची आजी वाल घालून भारंगी करायची, कडू असते, पानं उकळून पाणी पिळून टाकावं लागतं, त्यानंतर तिने पस्तीस-चाळीस वर्षं खाल्लीच नव्हती. मावशींनी पण वालच घातले होते. आई जेवता जेवता मावशींच्या सुनेला म्हणाली की हे तू विसरू नकोस गं, तुझ्या मुलीला शिकव. ती सून म्हणाली मुलगी दहावीला आहे, खाली ठाण्यात क्लासला जाते, तिला हे सगळं येतं पण मैत्रिणींसमोर डब्यात न्यायला लाजते. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण त्या लाजेला आम्हीच जबाबदार आहोत, वर्षानुवर्षं या बायका बाजारात जमिनीवर बसतात आणि आपण त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि तिथूनच मॉलमध्ये जाऊन प्लास्टिकच्या डब्यातली पालेभाजी छापील किमतीला घेतो. मी पण केलंय हे. आता करत नाही.

कंटोळीबद्दल एक गोष्ट कळली, तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, नर वेलाला फळ कधीच लागत नाही, म्हणून माहिती नसलेले लोक बांध साफ करताना तो बिनकामाचा समजून काढून टाकतात आणि मग आजूबाजूच्या वेलांना पण फळ धरत नाही. मावशींच्या बांधावर दोन्ही होते, त्यांनी हात लावून दाखवले.

पैसे. जूनला आम्ही माणशी ३५० दिले, मुलाचे घेतले नाहीत. ऑगस्टला मुठे होते म्हणून माणशी ४५०. यात फिरणं, जेवण, चहा सगळं आलं. येऊरमध्येच मागच्या वर्षी आम्ही एका हॉटेलात 'गावरान रानभाजी थाळी' म्हणून खाल्ली होती, बाहेर बैलगाडीचं चाक टांगलेलं, आत एलईडी लाइट, थाळी माणशी ६५० आणि त्यात पालक, मेथी आणि पनीर होतं. वेटरला विचारलं रानभाजी कुठली तर तो म्हणाला मॅडम हीच. शेजारच्या लॉनवर स्पीकर इतका मोठा होता की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हॉटेलचं नाव लिहीत नाही, पण तुलना करायलाच हवी म्हणून सांगितलं.

आणि याच विषयावर मावशींच्या मुलाने जे सांगितलं ते इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. रात्री उशिरापर्यंत लाइट आणि गाणी चालतात, पार्टी करून लोक उरलेलं चिकन, हाडं, प्लेटा रस्त्याच्या कडेला टाकतात, त्यावर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या पाड्यात येतो. बिबट्या आधीपासून आहेच, यांचा वाघोबा देव आहे, दिवाळीच्या आधी वाघबारस करतात, त्याच्याबरोबर राहायची यांना पिढ्यानपिढ्या सवय आहे, अंधार पडल्यावर पोरं अंगणात सोडायची नाहीत, पहाटे एकट्याने ओहोळाकडे जायचं नाही, हे नियम ते पाळतात. पण कचरा आपण टाकायचा आणि भीती यांनी भोगायची हे कुठल्या हिशोबात बसतं? ऑगस्टला परत येताना आम्ही त्या पंधरा मिनिटांच्या वाटेवर दोन पिशव्या भरून बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं गोळा केली, ओहोळाच्या काठावर फुटलेली काच होती, त्याच ओहोळातून मावशींची नातवंडं शाळेत जातात. जाणार असाल तर कृपा करून दारू नेऊ नका, स्पीकर नेऊ नका, आणि पाण्यात उतरून धबधबे शोधायला जाऊ नका, पाऊस वर डोंगरात पडतो आणि खाली पाणी पाच मिनिटांत चढतं.

त्रुटी पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. जेवण वेळेवर मिळेल या हिशोबाने जाऊ नका. आम्हाला एक वाजता सांगितलं होतं, पानं पडली पावणेतीनला, कारण भाजी काढून, निवडून, चुलीवर करायची, त्याला लागतो तेवढा वेळ लागतोच. लहान मुलं किंवा डायबेटिसवाले बरोबर असतील तर चिवडा, केळी असं काहीतरी जवळ ठेवा. जमिनीवर मांडी घालून बसायचं, आईसाठी त्यांनी पाट आणि मग शेजारून एक प्लास्टिकची खुर्ची आणली, पण आधीच सांगून ठेवलेलं बरं. चुलीचा धूर आत भरतो, दम्याचा त्रास असेल तर अंगणात बसा. टॉयलेट घराच्या मागे आहे, साधं, स्वच्छ, पण पाणी बादलीने घ्यावं लागतं. मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे जीपेवर अवलंबून राहू नका, रोख न्या. पक्के शाकाहारी असाल तर आधी बजावून सांगा, कारण यांच्याकडे भाजीत मूठभर सुकट किंवा जवळा घालणं ही रोजची चव आहे, आमच्या फोडशीत नव्हता पण दुसऱ्या वेळी दिंड्याच्या भाजीत होता आणि बरोबर आलेल्या माझ्या मैत्रिणीला ती भाजी सोडावी लागली. तिच्यासाठी मावशींनी लगेच वेगळी कंटोळी परतून दिली, पण मैत्रिणीला अवघडल्यासारखं झालं, चूक आमची होती, आम्ही सांगितलं नव्हतं.

डास भरपूर. पूर्ण बाह्यांचे कपडे, घट्ट बसणारे बूट, छत्रीपेक्षा रेनकोट. माकडं पिशव्या ओढतात, हातात खायचं घेऊन वाटेने चालू नका. संध्याकाळी पाचच्या आत निघा, मावशी स्वतःच उठवतात. स्टेशनवरून येऊरची टीएमटी आहे, गाडी नसेल तर तिने जाता येतं, परतीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा. आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवार-रविवार खालच्या नाक्यापासूनच गाड्यांची रांग असते.

रेटिंग द्यायचं तर जेवणाला पाचपैकी पाच, फिरण्याला पाच, सोयींना तीन. पण सोयी वाढल्या तर माणशी पैसे वाढतील, मग माणसं वाढतील, मग ते घर घर राहणार नाही, म्हणून त्या तीनवर मी खूश आहे. मावशींनी एक गोष्ट मात्र करावी असं वाटतं, सोबत द्यायला भाज्यांच्या छोट्या जुड्या बांधून ठेवाव्यात, आम्ही मागितल्या तेव्हा त्यांना परत बांधावर जावं लागलं. मुलाला सांगितलंय मी, तो म्हणाला पुढच्या वेळी करतो.

जूनला निघताना मावशींनी सागाच्या पानात ओंजळभर काकडं बांधून दिली होती, पैसे घेतले नाहीत. आईने ती घरी येऊन स्वच्छ पुसली, चिरा दिल्या, मीठ-मोहरी लावून बरणीत भरली आणि ओट्यावर ठेवून दिली. ऑगस्टला परत जाताना ती छोटी बरणी घेऊन गेली. मावशींनी झाकण उघडून वास घेतला, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या मीठ थोडं जास्त झालंय, पण टिकेल वर्षभर. नवीन भात नोव्हेंबरात येईल तेव्हा फोन करा म्हणाल्यात, नवीन तांदळाच्या भाकऱ्या करणार आहेत. आईचं माणगावला परत जायचं तिकीट ऑक्टोबरचं होतं, ते तिने पुढे ढकललंय.